'चालू होत नाही' म्हणजे नेमकं काय होत नाही?

मराठीत एक वाक्य असं आहे की ते घरोघरी रोज बोललं जातं आणि ऐकणाऱ्याला त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. "चालू होत नाही." मोटरपंप चालू होत नाही, स्कूटर चालू होत नाही, मिक्सर चालू होत नाही, नातवाचा मोबाईल चालू होत नाही. सांगणाऱ्याला वाटतं, आपण सगळं सांगितलं. ऐकणाऱ्याला एवढंच समजतं की माणूस वैतागला आहे. ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे असेल, पण हे वाक्य कानावर पडलं की मला पहिला प्रश्न व्याकरणाचाच सुचतो. कर्ता कोण? आणि त्या कर्त्याने कोणती क्रिया करायची होती, जी तो करत नाही?

मागच्या श्रावणात हे व्याकरण मला चक्क एका लोखंड कापायच्या मशीनवर चालवून पाहावं लागलं. आता तुम्ही म्हणाल, मराठीत बी.ए. झालेल्या सत्तरी ओलांडलेल्या बाईचा आणि लोखंडाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो भिंतीला भिंत लागून आहे.

आमचं शेंदूरजनाघाट वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश लागतो. गावाची ओळख संत्र्याची, आणि त्याहून जास्त संत्र्याच्या कलमांची. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून तयार केलेली कलमं इथल्या नर्सऱ्यांमधून लांबलांबच्या बागांना जातात. पण बाग म्हटली की तिच्या मागोमाग लोखंड आलंच. ट्रॅक्टरची ट्रॉली, फवारणीच्या टाकीचा गाडा, शेताचं फाटक, शेडचे अँगल. म्हणून वेल्डिंगची दुकानंही आली. त्यांतलं एक माझ्या घराच्या डाव्या भिंतीला लागून आहे. चालवणारा माझाच जुना विद्यार्थी. गावात त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, म्हणून इथेही मी मिस्त्रीच म्हणते. मला तो अजून 'बाई' म्हणतो, आणि भर दुपारी ग्राइंडर लावण्याआधी भिंतीवरून डोकावून विचारतो, "झोपल्या तं नाही ना?"

मिस्त्री पूर्वी गॅस कटरने पत्रा कापायचा. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या बचत गटातून कर्ज काढून त्याने ४० अँपियरचा प्लाझ्मा कटर आणला. सिलिंडरची कटकट नाही, पातळ पत्रा वाकत नाही, कापलेली कड स्वच्छ. लागते फक्त वीज आणि कॉम्प्रेसरची हवा. मशीन आल्यापासून त्याच्याकडे ट्रॉलीची कामं वाढली. मागच्या श्रावणात एका बागाईतदाराकडून आगाऊ रक्कम घेऊन त्याने ट्रॉलीचं काम धरलं होतं. आंबिया बहाराची तोड सुरू व्हायच्या आत ती द्यायची होती. आणि नेमकी तेव्हाच मशीन 'चालू होईना'.

मला हे त्याने सांगण्याआधी माझ्या रेडिओने सांगितलं होतं. माझ्याकडे एक जुना ट्रान्झिस्टर आहे. मिस्त्रीने टॉर्चचं बटण दाबलं की मीडियम वेव्हवर 'खर्रर्र' असा आवाज यायचा आणि लगेच भिंतीपलीकडून कापण्याचा 'शूऽऽ' सुरू व्हायचा. या जोडीची मला सवय झाली होती. त्या आठवड्यात खरखर येत होती, पुन्हा पुन्हा येत होती, पण पाठोपाठ 'शूऽऽ' येत नव्हता. त्याऐवजी मिस्त्रीचा आवाज यायचा, मदतनीस पोराला रागावण्याचा. "तूच काई तरी केलं मशीनले." तीन दिवस हे ऐकलं आणि चौथ्या दिवशी मी ट्रान्झिस्टर पदराखाली घेऊन दुकानात गेले.

"बाई, मशीन चालूच नाही होऊन राह्यली. कार्ड गेलं म्हन्ते शहरातला मानूस. पाठवून द्या म्हन्ते." कार्डाची जी किंमत त्याला फोनवर सांगितली होती ती मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होती. वर जाणं-येणं आणि दहा-बारा दिवसांचा खोळंबा. कर्जाचा हप्ता मात्र थांबणार नव्हता.

"काय चालू नाही होऊन राह्यलं?" मी विचारलं.

"मशीन."

"पंखा फिरते का?"

"फिरते."

"दिवा लागते?"

"लागते."

"बटण दाबलं की हवा येते?"

"येते ना."

"मग मशीन चालूच आहे की. चालू काय नाही?"

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आर्क नाही धरत, बाई."

हे झालं पूर्ण वाक्य. मराठी विश्वकोशात आर्कला 'प्रज्योत' असा सुंदर शब्द आहे. तो दुकानात कोणी वापरणार नाही हे मला ठाऊक आहे, पण आर्क म्हणजे विजेची ज्योत, हे त्या शब्दाने लगेच कळतं. ती ज्योत का धरत नाही, हे पाहायला मशीनचं माहितीपुस्तक मागितलं. ते त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं आणि एकदाही उघडलेलं नव्हतं, कारण ते सगळं इंग्रजीत. दोन रात्री शब्दकोश घेऊन, नातवाला फोन करून, मी त्यातली आठ पानं मराठीत उतरवली. त्यातून जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

हवा स्वतःतून वीज सहजासहजी जाऊ देत नाही. कोरड्या हवेच्या एका मिलिमीटर फटीतून ठिणगी उडवायची तर साधारण ३,००० व्होल्ट लागतात. पण एकदा का त्या फटीतल्या हवेचे रेणू-अणू फुटून त्यांतले इलेक्ट्रॉन मोकळे झाले, की तीच हवा तारेसारखी वीज वाहून नेते. वायूच्या या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. हे नाव अमेरिकेतले शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये दिलं. किती तापमानाला वायूतले किती अणू असे फुटतात, याचं गणित मात्र त्याआधीच, १९२० मध्ये, आपल्या मेघनाद साहांनी मांडलं होतं, तेही ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावण्यासाठी. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका लहान दुकानदाराचा हा मुलगा. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गेज यांना प्लाझ्मा टॉर्चचं पेटंट मिळालं. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,५०० अंश. या टॉर्चमधली ज्योत २०,००० अंशांच्या आसपास जाते. लोखंड वितळतं आणि हवेच्या झोताने खाली उडून जातं. बस, एवढंच कापणं.

टॉर्चच्या आत एक तांब्याचा इलेक्ट्रोड असतो. त्याच्यापुढे बारीक भोकाचं नोझल, आणि दोघांच्या मध्ये हवेला गरगर फिरवणारी एक कडी. बटण दाबल्यावर ओळीने पाच गोष्टी घडतात. आधी हवा सुटते. मग इलेक्ट्रोड आणि नोझल यांच्यामध्ये हजारो व्होल्टची ठिणगी उडते. त्या ठिणगीने वाट करून दिली की मशीनची खरी वीज तिच्यातून वाहू लागते आणि एक छोटी ज्योत नोझलबाहेर डोकावते. तिला पायलट आर्क म्हणतात. ती ज्योत लोखंडाजवळ नेली की उडी मारून लोखंडाला लागते, कारण लोखंड अर्थिंगच्या चिमट्याने मशीनला जोडलेलं असतं. आणि शेवटी ती तिथे टिकून राहते. काही मशीनमध्ये ठिणगीऐवजी इलेक्ट्रोड आणि नोझल आधी एकमेकांना टेकलेले असतात आणि हवेच्या दाबाने वेगळे होताना ज्योत पेटते. मिस्त्रीचं मशीन ठिणगीवालं.

म्हणजे बघा, 'चालू होत नाही' या एका वाक्यामागे पाच वेगवेगळी वाक्यं दडलेली होती. हवा सुटत नाही. ठिणगी उडत नाही. ज्योत पेटत नाही. ज्योत लोखंडाला लागत नाही. लागलेली ज्योत टिकत नाही. प्रत्येकाचा कर्ता वेगळा, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

शहरातल्या माणसाने 'कार्ड' म्हटलं ते ठिणगीचा भाग मेला आहे असं धरून. इथे माझा ट्रान्झिस्टर कामाला आला. ठिणगी म्हणजे एक रेडिओकेंद्रच असतं. हर्ट्झ यांनी १८८७ मध्ये रेडिओलहरी प्रथम पकडल्या त्या ठिणगीतूनच निघालेल्या, आणि जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात त्यानंतरच्या दहा वर्षांत जे प्रयोग केले तेही ठिणगीवरच. मी रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला, चार हातांवर ठेवला आणि मिस्त्रीला बटण दाबायला सांगितलं. खर्रर्र. पुन्हा दाबलं. पुन्हा खर्रर्र. जिचा आवाज रेडिओवर येतो ती ठिणगी मेलेली कशी असेल? याने सगळं कार्ड निर्दोष ठरत नव्हतं, हे खरं. पण ठिणगी उडते आहे, म्हणजे शोध आता तिच्या पुढे करायचा, एवढं नक्की झालं.

याच वेळी माझं लक्ष त्या पोराच्या हाताकडे गेलं. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. दहावीत इंग्रजीत गेलेला. हातात तांब्याच्या तारेचा तुकडा होता. कुण्या तरी कारागिराने त्याला सांगितलं होतं की टॉर्चच्या टोपीतला सुरक्षेचा संपर्क तारेने जोडून टाक, मशीन धावते. मालकाचा राग संपावा म्हणून बिचारा ते करायला निघाला होता. नोझलवरची टोपी नीट बसली नसेल तर टॉर्चला वीजच मिळू नये, यासाठी तो संपर्क ठेवलेला असतो. तो तारेने जोडला तर उघड्या टॉर्चवर २५०-३०० व्होल्ट उभे राहू शकतात, आणि तेही एकदिश विजेचे. माणूस मरायला पुरेसे. मशीनच्या पेटीतही तोच प्रकार. घरातली २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर ३२५ व्होल्टपर्यंत चढून कपॅसिटरमध्ये साठून राहते, प्लग काढल्यावरही काही मिनिटं. मी ती तार त्याच्याकडून मागून घेतली. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मग त्याला जवळ बसवून विचारलं, "तू रोज मशीन चालवते. बिघडायच्या आधी तुले काय काय दिसलं?"

त्याने आधी मिस्त्रीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आजी, कापतानी पत्रा ओला होये. बारीक बारीक थेंब पडे. आन् ज्योत हिरवी दिसे."

थेंब आणि हिरवी ज्योत! दोन वाक्यं, आणि दोन्ही पूर्ण. पंधरा दिवसांपासून हे त्याला दिसत होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेलही, पण रागावणाऱ्या माणसाला ऐकू कमी येतं.

आधी थेंबांचं पाहू. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. श्रावणातली दमट हवा धरली, समजा ८० टक्के आर्द्रतेची, तर तिच्यात २४ ग्रॅम असतं. हा कटर मिनिटाला १०० लिटर हवा खातो, म्हणजे तासाला ६ घनमीटर. म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये तासाला १४४ ग्रॅम पाणी ओढलं जातं. आता ही हवा दाबून आठपट लहान केली की ती पाऊण घनमीटर उरते. तेवढ्या जागेत, टाकी थंड झाल्यावर, २२-२३ ग्रॅमच वाफ मावते. बाकीचं पाणी कुठे जाणार? टाकीच्या तळाला. तासाला १२० ग्रॅम, म्हणजे मोठा कपभर पाणी! उन्हाळ्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की हा हिशेब कुणाच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यात टाकीखालचा कॉक रोज उघडला नाही तर ते पाणी नळीतून थेट टॉर्चमध्ये जातं.

मिस्त्रीने कॉक उघडला. तांबूस, गंजाळ पाणी. पोराने खाली बादली लावली, तिचा तळ भरून वर आला. मग ज्योत न पेटवता नुसती हवा सोडून तिच्यासमोर मी घरून आणलेला आरसा धरला. आरशावर दव पडल्यासारखं पाणी. बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शेगडीवर दूध उतू गेलं आणि बर्नर ओला झाला की लायटर टिकटिक वाजतो, ठिणगीही दिसते, पण शेगडी पेटत नाही. टॉर्चमधली कडी ओली झाली की ठिणगी योग्य जागी उडी मारायचं सोडून ओल्या पृष्ठभागावरून घसरत जाते, आणि वरून पाणी ज्योतीची उष्णता खातं.

आता हिरवी ज्योत. इलेक्ट्रोड तांब्याचा असला तरी त्याच्या टोकाला हाफनियम नावाच्या धातूचा एक ठिपका बसवलेला असतो. खरी ज्योत तिथून निघते. हा धातू १९२३ मध्ये कोपनहेगनमध्ये सापडला आणि त्या शहराच्या हाफनिया या लॅटिन नावावरून त्याचं बारसं झालं. तो २,२०० अंशांच्या वर वितळतो, आणि हवेशी मिळून त्याच्यावर जी पापुद्र्यासारखी साय धरते ती त्याहूनही चिवट. तरी प्रत्येक वेळी ज्योत पेटताना आणि विझताना तो कणाकणाने उडतो. म्हणून इलेक्ट्रोडचं आयुष्य तासांत मोजण्यापेक्षा किती वेळा पेटवला यात मोजावं. ठिपक्याच्या जागी दीड मिलिमीटर खोल खड्डा पडला की तो बदलायचा. न बदलल्यास हाफनियम संपतं आणि तांबं जळू लागतं. तांबं जळताना ज्योत हिरवी दिसते. पोराला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण रंग दिसला होता.

इथे मिस्त्री म्हणाला, "पन बाई, इलेक्ट्रोड तं मी बदलला होता! फरक नाही पडला म्हनून जुनाच परत लावला, नवा उगाच कायले खराब करू?" अर्थिंगचा चिमटाही त्याने एकदा टेबलावरून काढून सरळ पत्र्याला लावून पाहिला होता. फरक पडला नाही, म्हणून पुन्हा टेबलाला. टेबलाला त्याने उन्हाळ्यात ऑइलपेंट मारलेला.

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखी गोष्ट कुठली असेल तर ती हीच. आपण बिघाड शोधताना मनात धरून चालतो की बिघाड एकच असणार. म्हणून एक गोष्ट बदलतो, फरक पडला नाही की म्हणतो, 'हे कारण नव्हतं', आणि ती पूर्ववत करून पुढे जातो. पण कारणं तीन असली तर? तिन्ही एकेक करून दुरुस्त केली आणि एकेक करून पूर्ववत केली, तर मशीन एकदाही चालणार नाही, आणि आपली खात्री होईल की ही तिन्ही कारणं नव्हतीच. मग उरतं ते कार्ड. 'तीन तिघाडा काम बिघाडा' ही म्हण आपण माणसांच्या बाबतीत वापरतो, ती बिघाडांनाही लागू आहे. इथे हवा ओली, इलेक्ट्रोड झिजलेला, आणि चिमटा रंगावर. यांतलं एखादं असतं तर मशीनने कुरकुरत का होईना काम केलं असतं. तिन्ही एकत्र आले तेव्हा ती बसली. म्हणून केलेली दुरुस्ती योग्य असेल तर लगेच गुण आला नाही तरी ती मागे घ्यायची नाही. ती तशीच ठेवून पुढची करायची.

तेच केलं. टाकी रिकामी केली, नळ्या फुंकून काढल्या, कडी कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवली. नवा इलेक्ट्रोड आणि नवं नोझल लावलं, कारण जुन्याचं भोक लांबट झालं होतं. चिमट्याची जागा ग्राइंडरने घासून पांढरी केली. बटण दाबायला मिस्त्रीने टॉर्च पोराच्या हातात दिली. मला ते फार आवडलं. खर्रर्र, आणि पाठोपाठ शूऽऽ. सुट्या भागांचा खर्च काही शेकड्यांत आला. ट्रॉली ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा गेली, पण तोडीच्या आधी गेली.

नंतर मिस्त्रीच्या सांगण्यावरून मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत पाच प्रश्न लिहून दिले. कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून इथेही देते.

१. बटण दाबल्यावर हवा येते का? येत नसेल तर कॉम्प्रेसर, नळी, रेग्युलेटर, टॉर्चचं बटण आणि नोझलची टोपी घट्ट आहे का, एवढं पाहा.

२. हवा येते, पण ठिणगी? चटचट आवाज नाही, रेडिओची खरखरही नाही, तर आधी टॉर्चमधले सुटे भाग जागेवर आहेत का ते पाहा. असतील तर मशीनच्या आतली शंका. इथे जाणकार बोलवा, झाकण स्वतः उघडू नका. तार लावून काहीही जोडू नका.

३. ठिणगी येते, पण ज्योत बाहेर येत नाही? मशीन बंद करून, प्लग काढून इलेक्ट्रोड, नोझल आणि कडी पाहा. हवेत पाणी किंवा तेल आहे का पाहा. दाब वाजवीपेक्षा जास्त नाही ना? जोराची हवा कोवळी ज्योत विझवते.

४. ज्योत बाहेर येते, पण लोखंडाला लागत नाही? अर्थिंगचा चिमटा, त्याखालचा रंग आणि गंज, सैल स्क्रू, आतून तुटलेली केबल.

५. लागते, पण तुटते? दाबाचा काटा हवा वाहत असताना पाहा. हवा बंद असताना तो नेहमीच चांगला दिसतो. व्होल्टेज पाहा. हात फार हळू तर चालत नाही ना, तेही पाहा.

हे लिहिताना माझ्या मनात सारखं येत होतं की आमच्या भागात झाडांच्या बाबतीतही असंच होतं. "झाड वाळून राह्यलं" असं म्हणत बागाईतदार औषधाच्या दुकानात जातो आणि दुकानदार बाटली काढून देतो. वाळतं म्हणजे काय? शेंड्याकडून वाळतं की बुंध्याकडून? खोडातून डिंक येतो का? पानांवर कोळशी आहे का? मुळाशी पाणी साचतं की पाणीच पोचत नाही? नागपूरला लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था १९८५ पासून आहे, पण तिथल्या शास्त्रज्ञालाही उत्तर देता यावं यासाठी आधी आपलं वाक्य पूर्ण असावं लागतं. दवाखान्यात तर काय, "बरं वाटत नाही" यापलीकडे आमच्या पिढीतल्या बायका जातच नाहीत. आणि ज्याला खरं दिसलेलं असतं, बागेत ओलित करणारा गडी, स्वयंपाकघरातली सून, टॉर्च धरणारं पोरगं, त्याला विचारायचं आपल्याला सुचत नाही.

शाळेत मी मुलांना 'वाक्य पूर्ण करा' असा प्रश्न वर्षानुवर्षं घातला. दोन गुणांचा असायचा. त्या पोरालाही कुणी तरी घातला असेल, आणि पेपर तपासताना लाल रेघ मारली असेल. आता तो दर रविवारी संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीसाठी येतो. दहावीचा राहिलेला विषय काढायचा म्हणतो. धडा म्हणून आम्ही सध्या तेच माहितीपुस्तक वाचतो आहोत, कारण त्यातले अर्धे शब्द त्याला हाताने माहीत आहेत.

पुठ्ठ्यावर आता काजळी चढली आहे आणि दुसऱ्या प्रश्नाचा कोपरा जळाला आहे. हवेतलं पाणी काढणारा ड्रायर काही मिस्त्रीने अजून घेतलेला नाही. यंदाच्या हंगामाचे पैसे येऊ द्या, म्हणतो. तोवर पोरगं सकाळ-संध्याकाळ टाकीचा कॉक उघडतं आणि माझ्या भिंतीच्या त्या बाजूला खडूने एक रेघ मारतं. पावसाळ्यातल्या रेघा जाड आहेत, उन्हाळ्यातल्या अगदी बारीक. असं का, विचारलं तर म्हणाला, "पानी जेवढं निंगलं तेवढी रेघ, आजी."